बॉनेट उघडायला लाज कशाची?

हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा. भिंतीवर नाहीतर लॅपटॉपच्या स्क्रीनवर एखादी उघड्या टपाची स्पोर्ट्स कार असतेच. लाल रंग, दोन सीट, मागे निळा समुद्र. मालक बिचारा मेसचं बिल थकवून बसलेला! पण तिथून उठून जरा हायवेवर या. आपल्या कागलला लोक ज्या उघड्या गाडीवर जीव टाकतात ती लाल नसते आणि तिच्या मागे समुद्र नसतो, उसाची ट्रॉली असते. ती म्हणजे ओपन जीप. विलिज म्हणा, महिंद्राची सीजे म्हणा, एमएम ५४० म्हणा किंवा हूड काढलेली जिप्सी म्हणा. आपली कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार तीच.

आणि या गाड्यांची गंमत अशी की बॉनेट उघडलं की आत भलताच पाहुणा निघतो. गाडी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्या कंपनीचं, गिअरबॉक्स तिसऱ्याच कुणाचा, रेडिएटर भंगार बाजारातला. यावर आमच्या वर्गात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते 'ओरिजिनल ते ओरिजिनल, हात लावलात तर गाडी मेली'. दुसरी म्हणते 'नाद खुळा! पाहिजे ते घाला, पळाल्याशी मतलब'. मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. माझं मत सरळ आहे. इंजिन बदलण्यात काही पाप नाही. पाप आहे ते इंजिन बदलून बाकी सगळं तसंच ठेवण्यात, आणि मग बॉनेट झाकून फिरण्यात. या झाकण्याला निम्मे मालक जबाबदार आहेत आणि निम्मा कायदा.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं. डिफरन्शियलचं मी बघते.)

आधी 'ओरिजिनल'वाल्यांचं बघू. त्यांना मी एकच विचारते, ओरिजिनल म्हणजे नेमकी कुठली? दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप आली १९४१ मध्ये. तिच्यात २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं 'गो डेव्हिल' नावाचं पेट्रोल इंजिन होतं. पुढे कंपनीने 'हरिकेन' नावाचं नवीन इंजिन काढलं. त्यात इनटेकचे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, म्हणून ते उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीने काय केलं? बॉनेटच उंच केलं! तीच १९५३ ची सीजे-३बी. महिंद्राने आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जी उंच नाकाची जीप बनवली ती हीच. म्हणजे आज ज्या गाडीला आपण 'ओरिजिनल' म्हणून हार घालतो, ती मुळात कंपनीनेच केलेला इंजिन स्वॅप आहे. मिस्त्रीने बॉनेट ठोकून उंच केलं तर तो जुगाड, आणि कंपनीने केलं तर मॉडेल!

पुढेही तेच. महिंद्राने काही जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन घातलं. नंतर प्यूजोच्या परवान्याने बनवलेलं २.१ लिटरचं डिझेल आलं आणि १९८० च्या दशकात त्यावर एमएम ५४० निघाली. अमेरिकन सांगाडा आणि फ्रेंच हृदय. तिकडे मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीच्या इंजिनावर. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचं मिळालं, पुढे त्याच १.३ ला फ्युएल इंजेक्शन आणि सोळा व्हॉल्व्ह मिळून पॉवर ८० पर्यंत गेली. सांगाडा जवळजवळ तोच! मग १९८० च्या दशकातल्या जिप्सीत कुणी नंतरच्या जिप्सीचं इंजिन बसवलं तर त्याने काय गुन्हा केला? कंपनीने दहा वर्षांत केलं ते त्याने पंधरा दिवसांत केलं, इतकंच.

बाहेरच्या जगातही हेच चालतं. जगातली सगळ्यात नावाजलेली उघडी स्पोर्ट्स कार कुठली म्हणाल तर बरेच जण 'कोब्रा' म्हणतील. ती कशी झाली? एसी नावाच्या छोट्या इंग्लिश कंपनीची 'एस' नावाची देखणी, हलकी, टप नसलेली गाडी होती. तिच्यात सुरुवातीला जे दोन लिटरचं इंजिन होतं त्याचं डिझाइन १९१९ सालचं! कॅरोल शेल्बी नावाच्या अमेरिकन रेसरने १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचं व्ही-८ बसवलं. झाली कोब्रा. आज माझदा एमएक्स-५ ही १९८९ ची छोटी कन्व्हर्टिबल घेऊन तिकडची पोरं तेच करतात. कुणी होंडाचं इंजिन घालतो, कुणी थेट अमेरिकन व्ही-८.

आणि आपल्या भागात तर याचं नवल वाटायलाच नको. कोल्हापूर जिल्ह्यात इंजिन कधी एका देहाशी लग्न लावून बसलंच नाही. शेतकऱ्याचं ऑइल इंजिन उन्हाळ्यात विहिरीवर पाणी ओढायचं, हंगाम आला की गुऱ्हाळावर चरक फिरवायचं, मधल्या काळात मळणीला जायचं. पट्टा काढला, दुसरीकडे चढवला. ते दुरुस्त करता करता उद्यमनगर उभं राहिलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथे आजही आदराने घेतात. आज आपल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा प्लांट आहे आणि जिल्हाभर फाउंड्रीच फाउंड्री. असल्या गावात 'इंजिन काढून दुसरं घाल' हे वाक्य म्हणजे 'भाजीत मीठ घाल' इतकं साधं आहे.

याचा अर्थ कशालाही पाना लावा असा नाही हं. कोल्हापूरच्या राजघराण्याची ती मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा तिच्या बॉनेटखाली मेबॅकचंच इंजिन असलं पाहिजे. ते जरी बंद पडलं तरी गाडी ढकलत आणावी, पण दुसरं घालू नये. कारण ती गाडी आता वाहन नाही, ते दप्तर आहे. तशीच गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. आपल्या शेजारी बनलेली दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, रेनोच्या इंजिनाची खरीखुरी भारतीय कन्व्हर्टिबल. किती जणांनी ऐकलंय तिचं नाव? मुळातच इतक्या थोड्या निघाल्या की प्रत्येक कापाकापीने एक कमी होते. पण जीप हजारोंनी निघाल्या, मिलिटरी डिस्पोजलमधून लिलावात आल्या, शेतात राबल्या. त्या काचेच्या पेटीत ठेवायच्या गाड्या नव्हेत.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळते. 'पाहिजे ते घाला'वाले. यांच्यावर माझा जास्त राग आहे, कारण मी त्यांच्या गाडीत बसते.

माझ्या मामाकडे सीजे-३बी आहे. डिस्पोजलमधून फिरत फिरत आलेली, खाकीवर हिरवा आणि हिरव्यावर पुन्हा खाकी रंग. तिचं पेट्रोल इंजिन कधीच गेलं. आता आत टेम्पो ट्रॅक्सचं डिझेल आहे. मिस्त्री मला अभिमानाने सांगतात, "पोरी, ह्यात मर्सिडीजचं इंजिन हाय." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खरंच आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने (२००५ पासूनची फोर्स मोटर्स) मर्सिडीजच्या परवान्याने ओएम-६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे बनवलं आणि तेच ट्रॅक्समध्ये होतं. तेव्हा कागलच्या गैबी चौकातून मर्सिडीजच्या इंजिनाची गाडी जाते, हे अगदी शास्त्रोक्त सत्य आहे!

काम सुरेख झालंय, यात शंका नाही. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामधली अडॅप्टर प्लेट लेथवर अशी काढलीय की आमच्या वर्कशॉपच्या जॉबला लाज वाटावी. फाउंडेशन नवीन, वेल्डिंग एकसारखं. आवाज ऐकून लोक वळून बघतात.

मग मी मिस्त्रींना विचारलं, "मामा, ब्रेक?"

"ब्रेक हाय की. जरा जोर लावून दाबायचा."

म्हणजे तेच, मूळचे. चारी चाकांना ९ इंची ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. कुठेही पाइप फुटला की चारी ब्रेक गेले. बूस्टर नाही. पूर्वी ही गाडी ताशी साठने जायची तेव्हा भागत होतं. आता मामा हायवेला शंभरच्या आसपास नेतो. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठचे शंभर झाले की ब्रेकला जिरवायची ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त होते. ड्रम मात्र तेवढेच, नऊ इंची.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. मामी, मी, दोन मामेभावंडं आणि मागे मक्याच्या कणसांचं पोतं. निम्म्या घाटात जळका वास यायला लागला. मामाचा पाय ब्रेकवर, आणि गाडी थांबायचं नाव घेईना, नुसती मंद होत होती. मामा म्हणाला, "भिऊ नका रे, गिअरवर घेतो." घेतलं, आणि उतरलो पण. खाली गाडी उभी केली तेव्हा पावसाचे थेंब ड्रमवर पडून चर्र वाजत होते. मामी त्या दिवसापासून जीपमध्ये बसली नाही.

इथे एक बारकी गोष्ट आहे जी मिस्त्रीने सांगितली नाही आणि मालकाने विचारली नाही. पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल असतो. पाय काढला की तो बंद होतो, इंजिन आत हवा ओढायला धडपडतं आणि गाडीला मागे खेचतं. जुन्या डिझेलला तसा थ्रॉटलच नसतो, म्हणून घाटात त्याचं खेचणं त्या मानाने कमी. म्हणजे मामाच्या गाडीचा वेग वाढला, ब्रेक तेवढेच राहिले आणि इंजिनाची जी फुकट मदत मिळायची तीही घटली. तिन्ही गोष्टी एका बदलात झाल्या. जिप्सीत डिझेल घालणाऱ्यांची तर आणखी वेगळी फजिती. ब्रेकचा बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर आणि पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून तो आपोआप मिळतो. डिझेलला त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पंप नाही लावला तर पेडल दगडासारखं कडक. इंजिन सुरू झालं, पेढे वाटले, आणि पंप राहिला!

गिअरिंगचंही तसंच. सीजे-३बीच्या डिफरन्शियलचा रेशो मूळचा ५.३८. जुन्या सहा-सोळाच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा आणि वहीच्या मागच्या पानावर गणित करा. टॉप गिअरला ताशी ८० म्हणजे इंजिनाचे मिनिटाला ३,१०० च्या वर फेरे. शंभरला जवळपास ४,०००. जुन्या डिझेलला इतकं पळवलं तर ते ओरडणारच. मग मालक म्हणतो, 'इंजिनात दम नाही, अजून मोठं बघू.' अरे बाबा, इंजिनात दम आहे, होशिंगमधले दात बदल! पण दात बदलायचं काम कुणाला दिसत नाही. बॉनेट उघडल्यावर दाखवायला इंजिन बरं. मोठं इंजिन आलं की टॉर्क वाढतो आणि मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तुटायला लागतात, पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं. एकेक दुखणं घेऊन माणूस दर महिन्याला गॅरेजला.

याउलट तो शेल्बी. कोब्रात व्ही-८ घातलं तेव्हा मागचं डिफरन्शियल दणकट केलं. पुढे १९६५ मध्ये सात लिटरचं राक्षसी इंजिन बसवायचं ठरलं तेव्हा चेसिसच्या मुख्य नळ्या जाड केल्या आणि जुने पाटे काढून चारी बाजूंना कॉइल स्प्रिंग दिल्या. नुसतं इंजिन टाकून तो हात झटकत बसला नाही. दुसरं उदाहरण एमजीचं. त्यांच्या एमजीबी या उघड्या गाडीत कंपनीने १९६७ मध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन घालून एमजीसी काढली. नाक इतकं जड झालं की वळणावर गाडी वळायला तयार नाही, आणि दोन वर्षांत मॉडेल बंद. त्याच सांगाड्यात १९७३ मध्ये रोव्हरचं अ‍ॅल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं. पॉवर भरपूर, आणि वजन जुन्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाइतकंच. ती गाडी चांगली निघाली. तेव्हा प्रश्न लिटरचा नाही, किलोचा आहे, आणि ते किलो कुठे बसलेत याचा.

टप कापणाऱ्यांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे वरातीसाठी जुन्या सेडानचा टप कापून 'ओपन कार' करतात ना, त्यातली एक कधी दगडावर एक चाक चढवून उभी करा आणि दार लावून बघा. लागलं तर मला सांगा. बुटाचं खोकं घ्या, झाकण लावून पिळा, मग झाकण काढून पिळा. जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते, तिचा टप हा नुसता छत्रीसारखा, काढला तरी बिघडत नाही. सेडानमध्ये टप हेच चेसिसचं एक अंग असतं. ज्या नवरदेवाची वरात त्यात निघते त्याने घोडा पत्करावा, असं माझं मत!

आता कायदा. इथे स्टाफ रूममधल्या मंडळींनीही जरा लक्ष द्यावं ही विनंती.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे गाडीतल्या बदलांबद्दल आहे. पूर्वी आरटीओची परवानगी घेऊन बदल करता येत असे. २००० मध्ये कलम बदललं. कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आर. सी. बुकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजीसारख्या इंधनाचं मान्यताप्राप्त किट, किंवा त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन, एवढीच वाट उरली. मग ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आणि जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम झाले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे मामाची जीप वयाने बसते आणि इंजिनाने बाहेर पडते. रोजच्या गाड्यांत ती बेकायदा, व्हिंटेजमध्ये अपात्र. हायवेवर मात्र शंभरने!

कायदा असा का आहे हे मला समजतं, उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. चोरीची गाडी पचवायची तर पहिलं काम इंजिन बदलणं. धूर ओकणारं जुनं डिझेल स्वच्छ पेट्रोल गाडीत गेलं तर हवेचं वाटोळं. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण बंदीने प्रत्यक्षात काय झालं ते बघा. स्वॅप थांबले का? रविवारी कुठल्याही गॅरेजला जा. थांबलं फक्त विचारणं. जो माणूस इंजिनासोबत डिस्क ब्रेक बसवतो, डिफरन्शियल बदलतो, रोल बार लावतो, त्याचे चार बदल झाले, म्हणजे चार वेळा पाच हजार. जो नुसतं इंजिन टाकून नऊ इंची ड्रमवर पळतो त्याचा एकच बदल! सुरक्षित गाडीला दंड जास्त, धोक्याच्या गाडीला कमी. हा हिशोब कुठल्या इंजिनिअरने केला असेल असं वाटत नाही. आणि अपघात झाला की विमा कंपनीला कागद दाखवून हात वर करायला कारण तयार. बसणाऱ्याला माहीतच नाही की तो कशात बसलाय.

जर्मनीत तांत्रिक तपासणीची एक जुनी व्यवस्था आहे, टीयूव्ही म्हणतात तिला. बदल केला की गाडी तिथे न्यायची, ते ब्रेकपासून सगळं तपासतात आणि मंजूर झालेला बदल गाडीच्या कागदावर चढतो. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला गुणांची पद्धत वापरली गेली. मूळ चेसिसला पाच गुण, आणि सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन, स्टिअरिंग यांना दोन-दोन. इंजिनाला किती? फक्त एक! जुना नंबर टिकवायला लागायचे आठ. म्हणजे इंग्रजाच्या लेखी इंजिन हा गाडीचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. आपल्याकडे उलटं, इंजिन बदललं की गाडीचं गोत्रच बदललं.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात परवानाधारक इंजिनिअर बदललेली गाडी तपासून सही करतो आणि त्या सहीची जबाबदारी त्याच्यावर राहते. मला हे सगळ्यात आवडलं. आपण चार वर्षं इथे घासतो ती कशासाठी? कुठेतरी सही करण्यासाठीच ना?

तेव्हा माझं म्हणणं असं. कलम ५२ मध्ये तपासून परवानगीची वाट पुन्हा उघडावी, पण अटी घालून. नवीन इंजिन मूळ इंजिनापेक्षा जुनं किंवा जास्त धुराचं नको. ज्या गाडीतून ते काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिनाचं बिल हवंच, म्हणजे चोराची सोय होणार नाही. पॉवर ठरावीक टक्क्यांपेक्षा वाढली तर ब्रेक आणि डिफरन्शियल बदलणं सक्तीचं. आणि तपासणी प्रत्येक वेळी पुण्याला एआरएआयच्या दारात नको. एकुलत्या एका जीपसाठी कंपनीसारखा खर्च कोण करणार? ती जिल्ह्यात व्हावी. आपल्या जिल्ह्यात फाउंड्रीच्या लॅबमध्ये वेल्डमधली चीर डाय पेनिट्रंटने दाखवणारी माणसं आहेत, वजनकाटे साखर कारखान्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहेत, आणि इंजिनिअरिंग कॉलेजं किती आहेत ते मोजायला नकोच.

'मग पीयूसीसारखं होईल. पैसे द्या, सर्टिफिकेट घ्या, गाडी दाखवायचीही गरज नाही.' हा आक्षेप आमच्या रूममधूनच आला आणि तो खोटा नाही. पण पीयूसीच्या कागदावर कुणाची इज्जत पणाला लागत नाही. इथे तपासणाऱ्याचं नाव आर. सी.वर छापा, फोटोसकट, ब्रेकच्या आकड्यासकट. अपघात झाला तर पहिला फोन त्याला. सही स्वस्त राहणार नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत आपण मोजायला तर लागू. बाहाची गाडी बनवताना अनेक वर्षं सगळ्या टीमना एकच दहा हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन मिळायचं आणि त्यात हात घालायला बंदी. त्यामुळे पोरं सस्पेन्शन शिकली, ब्रेक शिकली, वजन वाचवायला शिकली. तेच डोकं एखाद्या स्वॅप केलेल्या जीपवर लावा. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर किती किलो, ताशी चाळीसवरून थांबायला किती मीटर, सलग दहा वेळा ब्रेक मारल्यावर किती मीटर, ड्रमचं तापमान किती. बी. ई. चा प्रोजेक्ट म्हणून हे बाजारातून रेडीमेड आणलेल्या 'पेडल ऑपरेटेड' अमक्या-तमक्यापेक्षा शंभर पटीने बरं. आणि गाइड सरांनाही दरवर्षी तेच मॉडेल बघायचा कंटाळा आला असेलच.

गाडीची सोय आहे. मामाशी मी बोललेय. कुठलाही रविवार चालेल, मात्र मोजणी रिकाम्या मैदानात, घाटात नाही. मिस्त्रीही येतो म्हणालेत, नऊ इंची ड्रमला नावं ठेवणाऱ्या पोरांना बघायचंय त्यांना. डिझेल ग्रुपने घालायचं. इच्छुकांनी मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डवर नावं लिहावीत, चौघांच्या वर नकोत. जीपमध्ये मागे तेवढेच बसतात, आणि एक जागा माझी आहे.